फुलपाखरूं कीं पतंग?

दिवसा उडणारें तें फुलपाखरूं आणि रात्रीं दिव्यावर झेपावणारा तो पतंग, हा भेद खुद्द निसर्गानेंच केला असावा असें आपण गृहीत धरतों. शास्त्राचा आरंभही याच समजुतीपासून झाला. स्वीडनच्या लिनियसनें १७५८ सालीं, पंखांवर खवले असलेल्या या कीटकांचा एक गण कल्पून त्याचे तीन भाग पाडले: दिवसाचे, संधिकाळचे व रात्रीचे. कांहीं फुलपाखरांस त्यानें होमरच्या काव्यांतील वीरांचीं नांवें दिलीं; छातीवर तांबडे ठिपके असलेलीं तीं ट्रॉयच्या पक्षाचीं. आपल्याकडील तांबड्या अंगाचें एक फुलपाखरूं म्हणूनच शास्त्रांत आजही 'हेक्टर' आहे.

एकोणिसाव्या शतकांत वेळेची कसोटी मागें पडून डोक्यावरील शृंगिकांची पुढें आली. शृंगिकांच्या टोंकाशीं गांठ असेल तें फुलपाखरूं. बाकी सर्व पतंग. पण हीही पुरी पडली नाहीं. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील हेडिलिडी हें कुल बहुतेक रात्रीं उडतें, त्याच्या शृंगिका दोऱ्यासारख्या. त्याची गणना अर्थातच पतंगांत होई. १९८६ सालीं माल्कम स्कोबल यांनीं त्याचें नातें फुलपाखरांशीं जोडलें, व पुढें जनुकांच्या अभ्यासानें तें दृढ झालें. फुलपाखरें हीं पतंगांच्याच वंशवृक्षाची एक शाखा होत, असें आतां मानतात.

मग लिनियसचे श्रम वायां गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यानें चौकट आंखली म्हणूनच तींत न बसणारें कुल नजरेस आलें. मुलांस हें कोष्टक शिकवितांना तें कसकसें बदललें हेंही सांगावें. नाहींतर शास्त्राचें निव्वळ पाठांतर होऊन बसेल.