उष्णतेचा उपसा : एका यंत्राचा व त्याच्या नावाचा इतिहास

घराच्या आवारातील पोहण्याच्या तलावाचे पाणी उबदार राखण्यासाठी अनेक देशांत आज एक पेटीवजा यंत्र बसविण्यात येते. त्यात विस्तव नसतो, धूर नसतो. एक पंखा फिरत असतो आणि एका बाजूने शिरलेले तलावाचे पाणी दुसऱ्या बाजूने किंचित् उष्ण होऊन बाहेर पडत असते. या यंत्रास इंग्रजीत 'हीट पंप' आणि मराठीत 'उष्णता-पंप' अशी संज्ञा आहे. ते जितकी वीज घेते तिच्या चौपट-पाचपट उष्णता पाण्यात सोडते, हे ऐकून ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकलेला कोणीही क्षणभर विचारात पडेल. प्रस्तुत लेखात या यंत्रासंबंधी दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पाणी तापविणाऱ्या यंत्रास 'पंप' का म्हणावे, हा पहिला. आणि ज्याचे तत्त्व १८५२ साली स्पष्टपणे मांडले गेले ते यंत्र इमारतींच्या व तलावांच्या सेवेस रुजू होण्यास १९४० चा सुमार का उजाडावा लागला, हा दुसरा. पहिला प्रश्न शब्दाचा व दुसरा इतिहासाचा दिसतो. परंतु पहिल्याचे उत्तर हाती आल्यावाचून दुसऱ्याचे नीट उलगडत नाही.

नावामागील रूपकाचे मूळ सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याच्या १८२४ सालच्या छोट्या ग्रंथात आहे. अग्नीच्या चालकशक्तीचा विचार करताना कार्नोने वाफेच्या यंत्राची तुलना पाणचक्कीशी केली. पाणी उंचावरून खाली पडताना चक्की फिरवते. त्याचप्रमाणे उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे 'पडताना' यंत्र चालवते, असे त्याचे प्रतिपादन होते. उष्णता हे एक सूक्ष्म, अविनाशी द्रव्य आहे, ही त्या काळची 'कॅलॉरिक'ची कल्पना या तुलनेच्या बुडाशी होती. पुढे जूलच्या प्रयोगांनी व क्लाउझियसच्या १८५० सालच्या विवेचनाने ती कल्पना मोडीत निघाली. उष्णता द्रव्य नव्हे, ती ऊर्जेचे एक रूप आहे, हे सिद्ध झाले. तथापि तुलनेतील एक भाग सुरक्षित राहिला. यंत्रापासून किती काम मिळेल हे दोन तापमानांमधील अंतरावर अवलंबून असते, हा कार्नोचा सिद्धांत आजही जसाच्या तसा शिकविला जातो. द्रव्याविषयीचे मत चुकले. संबंधाविषयीचे मत टिकले.

पडणाऱ्या पाण्याने चक्की फिरते, तर उलटपक्षी श्रम खर्चून पाणी वर चढविताही येते. आपल्याकडील मोटेचे उदाहरण येथे चपखल बसते. मोट पाणी निर्माण करीत नाही. विहिरीत असलेले पाणी ती वर आणते. बैलांचे श्रम पाणी 'करण्यात' नव्हे, ते 'चढविण्यात' खर्ची पडतात. म्हणूनच विहीर जितकी खोल तितके त्याच पाण्यासाठी श्रम अधिक. उष्णता-पंप नेमके हेच करतो. बाहेरच्या हवेत, नदीत वा सरोवरात कमी तापमानाची उष्णता विपुल असते. कमी तापमानास उकळणारे प्रशीतक द्रव्य ती शोषून घेते व त्याची वाफ होते. विजेवर चालणारा काँप्रेसर ती वाफ दाबतो, त्यायोगे तिचे तापमान वाढते. मग ती वाफ पाण्यास उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होते आणि अरुंद झडपेतून दाब उतरवून चक्राच्या आरंभी परतते. वीज लागते ती या 'चढा'साठी. चौपट उष्णता मिळते यात निसर्गनियमाचा भंग नाही. तीन भाग बाहेरून आलेले असतात आणि एक भाग विजेचा असतो.

हा उलटा मार्ग व्यवहारात आणण्याची सूचना विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, याने १८५२ साली केली. हवेच्या प्रवाहांच्या साहाय्याने इमारती तापविण्याच्या किंवा थंड करण्याच्या काटकसरीविषयीचा त्याचा निबंध ग्लासगो येथील तत्त्वज्ञान-मंडळापुढे आला. कोळसा थेट शेगडीत जाळण्याऐवजी त्यावर वाफेचे यंत्र चालवावे आणि त्या यंत्राने बाहेरची उष्णता आत ओढावी, म्हणजे इंधन वाचेल, असा त्याचा हिशेब होता. केल्व्हिनच्या या योजनेस 'उष्णतेचा गुणक' अशा अर्थाचे नावही लाभले आहे. दोन नावांची तुलना उद्बोधक आहे. 'गुणक' म्हटले की थोड्या उष्णतेची पुष्कळ होते, असा भास होतो. 'पंप' म्हटले की ती कोठून तरी आणली जाते, हे शब्दातच येते. विसाव्या शतकात इंग्रजी, जर्मन व फ्रेंच या तिन्ही भाषांत पंपाचेच रूपक रूढ झाले, आणि मराठीनेही तेच घेतले. शास्त्रीय परिभाषेत नेहमीच असा विवेक दिसतो असे नाही. येथे मात्र नाव सिद्धांताशी प्रामाणिक राहिले आहे.

केल्व्हिनचा विचार कागदावर असतानाच ऑस्ट्रियातील एबेन्झे येथील मिठाच्या कारखान्यात पेटर फॉन रिटिंगर या खाणतज्ज्ञाने १८५६-५७ च्या सुमारास निराळ्या मार्गाने तेच तत्त्व योजून पाहिले. खारे पाणी आटविताना निघणारी वाफ वाया न दवडता ती दाबून तिचे तापमान वाढवावे आणि तिच्याच उष्णतेने आणखी पाणी आटवावे, अशी त्याची योजना होती. तो प्रयोग तेव्हा टिकला नाही. परंतु स्वित्झर्लंडमधील बे येथील मिठागरात १८७७ साली याच जातीचे यंत्र यशस्वी रीतीने चालू झाले. १९३० साली ब्रिटिश अभियंता हॉल्डेन याने आपल्या स्कॉटलंडमधील घरी केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. म्हणजे तत्त्व ज्ञात होते, काँप्रेसर उपलब्ध होते, बर्फाच्या कारखान्यांत त्याच जातीची यंत्रे सर्रास चालत होती. तरीही घरे व तलाव कोळशावरच तापत राहिले. विलंबाचे कारण अज्ञान नव्हते, ते हिशेबात होते. कोळसा स्वस्त होता. आणि स्वस्त कोळशापुढे महागडे यंत्र उभे राहत नाही.

हा हिशेब बदलला तो झुरिच शहरी. स्वित्झर्लंडमध्ये कोळसा जवळजवळ नाही. तो परदेशांतून आणावा लागे. उलट डोंगराळ प्रदेशामुळे जलविद्युत् मात्र होती. १९३७-३८ साली झुरिचच्या जुन्या नगरभवनात एशर व्हिस या कंपनीने उष्णता-पंप बसविला. लिम्माट नदीच्या पाण्यातील उष्णता घेऊन तो सुमारे १०० किलोवॅट उष्णता देत असे. तो २००१ सालापर्यंत, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ, सेवेत होता. लगोलग महायुद्ध आले, कोळशाची आयात आक्रसली आणि इंधनाचे नियंत्रण सुरू झाले. अशा दिवसांत, १९४१ साली, नगर-वास्तुशिल्पी हेर्मान हेर्टर याने रचलेले झुरिचचे बंदिस्त सार्वजनिक जलतरणगृह उघडले, आणि त्याच्या तापनासाठीही उष्णता-पंपाची योजना करण्यात आली. ज्या काळी घरोघर खोल्या गारठत होत्या, त्या काळी पोहण्याचा तलाव उबदार ठेवणे ही चैन वाटण्याचा संभव होता. पंपामुळे ती कोळशाच्या वाट्यातून भागवावी लागली नाही, यातच त्या योजनेचे सामाजिक समर्थन होते.

तलाव हे या यंत्राचे स्वाभाविक क्षेत्र का, हे मोटेच्या दृष्टान्तावरून उमगते. समजा, सरोवराचे पाणी ५ अंश सेल्सिअस आहे. इमारतीच्या नळांसाठी ते ६० अंशांपर्यंत चढवावयाचे तर, कार्नोच्या नियमाप्रमाणे, आदर्श यंत्रदेखील एक भाग श्रमात सुमारे ६ भागच उष्णता देऊ शकते. तलावासाठी २५ अंश पुरेसे असतील तर तीच मर्यादा सुमारे १५ भागांवर जाते. प्रत्यक्षातील यंत्रे या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतात आणि फवाऱ्यांना अधिक तप्त पाणी लागते, हे खरे. परंतु प्रमाण तेच राहते. तलाव ही उथळ विहीर आहे. शिवाय तलावाचे पाणी स्वतःच उष्णतेचा मोठा साठा असल्यामुळे वीज मुबलक असेल त्या वेळी यंत्र चालविण्याची मोकळीक असते.

युद्धोत्तर काळात स्वस्त खनिज तेलाचा सुकाळ झाला आणि पंप पुन्हा मागे पडला. १९७३ सालच्या तेलसंकटाने त्याला परत बोलाविले. यापुढील प्रसार हा खाजगी घरांतील तलावांचा आहे, आणि तो बसविण्याच्या रीतीतही वरील तत्त्वेच दिसतात. ५० घनमीटर पाणी १ अंशाने तापविण्यास सुमारे ५८ किलोवॅट-तास उष्णता लागते; पंचगुणी पंप ती १२ किलोवॅट-तासांच्या आत विजेत देतो. यंत्र उघड्यावर बसवावे लागते, कारण बंदिस्त खोलीत ते आपलीच थंड केलेली हवा पुन्हा ओढते. विहीर आटवून मोट चालविण्यासारखेच ते आहे. पाणी प्रथम गाळणीतून, मग पंपातून, आणि त्यानंतरच क्लोरीन मिसळण्याच्या ठिकाणी जाते. तीव्र क्लोरीन उलटे येऊन उष्णता-विनिमयाच्या नळ्या खाऊ नये म्हणून मध्ये एकदिशा झडप घालतात. त्या नळ्याही याच कारणास्तव बहुधा टायटॅनियमच्या असतात. यंत्राखाली साचणारे पाणी पाहून गळतीची शंका येते, परंतु बहुतेक वेळा ते हवेतील बाष्पाचे दंव असते. आणि तलावावर आच्छादन नसेल तर सारा उपसा व्यर्थ जातो. कारण उघड्या तलावाची उष्णता मुख्यतः बाष्पीभवनानेच उडून जाते.

या इतिहासाची एक काळी बाजूही नोंदविली पाहिजे. झुरिचच्या नगरभवनातील पंपात आर-१२ हे प्रशीतक द्रव्य होते. ते विषारी नाही, पेट घेत नाही, म्हणून ते आदर्श मानले जाई. १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी अशा द्रव्यांपासून ओझोनच्या थराला असलेला धोका दाखविला आणि १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये त्यांवर बंधने आली. त्यांच्या जागी आलेल्या अनेक द्रव्यांनी ओझोनला अपाय केला नाही, परंतु पृथ्वीचे तापमान वाढविण्यास हातभार लावला. म्हणून २०१६ साली किगाली येथे त्यांच्याही कपातीचा निर्णय झाला. इंधन वाचविणारे यंत्र तेवढ्यानेच निरुपद्रवी ठरत नाही. त्याच्या पोटात काय आहे, हेही विचारावे लागते.

शेवटी पुन्हा शब्दाकडे वळू. मराठीत 'बंब' हा एक जुना शब्द आहे. पोर्तुगीज भाषेतील पंपवाचक 'बोंबा' या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. आग विझविण्यासाठी पाणी फेकणारा तो बंब, आणि अंघोळीचे पाणी तापविणारा तांब्याचा तोही बंबच. पाणी हलविणे व पाणी तापविणे या दोन सर्वस्वी भिन्न क्रिया मराठीने एका शब्दाखाली नांदविल्या. उष्णता-पंपाने त्या क्रिया खरोखरच एकत्र आणल्या, मात्र त्यात हलते ती उष्णता आणि तापते ते पाणी. घरच्या बंबात लाकूड जळते व त्याची उष्णता एकदाच मिळते. हा नवा बंब बाहेरची उष्णता उपसून आणतो. अशा उपशाला जागा मिळाली ती जेथे चढ अल्प होता आणि इंधन दुर्मिळ होते तेथे. १८५२ पासून १९४१ पर्यंतचा काळ हा शोधाची वाट पाहण्याचा काळ नव्हता, तो गरजेची वाट पाहण्याचा काळ होता. यंत्रांचा इतिहास लिहिताना शोधाच्या सनावळीबरोबर इंधनाच्या बाजारभावाचीही नोंद ठेवली पाहिजे, एवढेच या विवेचनावरून सुचवावयाचे आहे.