कुबड्यांवरचा मुलगा

पंधरा ऑगस्टच्या सकाळी शाळेच्या लाऊडस्पीकरवर जी गाणी लागतात, त्यांतलं एक गाणं तुमच्याही ओळखीचं असणार. एक मास्तर मुलांना आगगाडीतून देश दाखवत निघाले आहेत. राजपुताना येतो, जालियनवाला बाग येते, सुभाषबाबूंचा बंगाल येतो आणि मधेच एका कडव्यात आपला मराठी मुलूख आणि शिवाजी महाराज येतात. ते गाणं ‘जागृती’ या चित्रपटातलं. चित्रपट १९५४ चा. आज मला त्या चित्रपटाची गोष्ट सांगायची आहे. ती एका मास्तरांची आहे, दोन मुलांची आहे आणि थोडीशी माझीही आहे.

मी तो पाहिला १९७९ साली, तिसरीत असताना. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला होता. रीळ दोनदा तुटलं. आम्ही पोरं पडद्याच्या इतकी जवळ बसलो होतो की मास्तरांचा चेहरा आम्हाला नीट दिसलाच नाही. दिसल्या त्या कुबड्या.

गोष्ट साधी आहे. अजय हा खात्यापित्या घरचा उनाड मुलगा. घरचे कंटाळून त्याला वसतिगृहात टाकतात. तिथेही तो कुणाला जुमानत नाही. तिथे त्याची दोस्ती होते शक्तीशी. शक्ती गरीब, पायाने अधू, कुबड्या घेऊन चालणारा. मग शेखर नावाचे नवे अधीक्षक येतात. मुलांशी बोलतात, त्यांना बाहेर नेतात, पुस्तकातला धडा डोळ्यांनी दाखवतात. तरीही अजय एक दिवस पळून जायला निघतो. त्याला अडवायला शक्ती कुबड्या टेकत मागे धावतो आणि मोटारीखाली सापडतो. त्या मरणाने अजय बदलतो, शिकतो, पुढे येतो. शेखरचं काम अभि भट्टाचार्य यांनी केलं होतं आणि शक्तीचं रतनकुमार नावाच्या मुलाने.

आता थोडा इतिहास. हे कथानक मुळात बंगाली. दिग्दर्शक सत्येन बोस यांनी १९४९ साली ‘परिवर्तन’ नावाने ते बंगालीत केलं होतं. फाळणीने बंगालचे दोन तुकडे होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. तेच कथानक त्यांनी मुंबईत फिल्मिस्तानसाठी हिंदीत केलं. संगीत हेमंतकुमार यांचं आणि गीतं कवी प्रदीप यांची. हे मूळचे उज्जैनजवळच्या बडनगरचे. आगगाडीतलं गाणं त्यांनी स्वतःच गायलं. गांधीजींवरचं गाणं आशा भोसले यांनी गायलं. आणि मुलांनो, वादळातून ही नाव आम्ही काठाला आणली आहे, आता हा देश तुम्ही जपा, असं सांगणारं गाणं गायलं महंमद रफी यांनी.

काळ कसा होता ते ध्यानात घ्या. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सुमारे १८ टक्के होती. शंभरातल्या ऐंशीहून अधिक माणसांना अक्षर माहीत नव्हतं. ज्यांना देशाचा नकाशा वाचता येत नव्हता, त्यांच्यासाठी ते आगगाडीतलं गाणं हाच नकाशा होता.

गंमत अशी की, ज्या आकाशवाणीवरून आपण एरवी ही गाणी ऐकतो, तिथे त्या दिवसांत चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद होतं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे कैवारी. त्यांच्या कारकिर्दीत हिंदी चित्रपटगीतं मागे पडली आणि लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, तेव्हा कुठे ही गाणी आपल्या घरी परतली.

त्या रतनकुमारचं खरं नाव सय्यद नझीर अली. ‘दो बिघा जमीन’मध्ये बलराज साहनींच्या बोटाला धरून कलकत्त्याला जाणारा मुलगा तोच. ‘बूट पॉलिश’मध्ये बहिणीला सांभाळत बूट चमकवणारा भोलाही तोच. फिल्मफेअरचे पुरस्कार सुरू झाले १९५४ साली. पहिल्या वर्षी सर्वोत्तम चित्रपट ठरला ‘दो बिघा जमीन’, दुसऱ्या वर्षी ‘बूट पॉलिश’ आणि तिसऱ्या वर्षी, १९५६ साली, ‘जागृती’. तिन्ही वर्षं तिन्ही चित्रपटांत हा एक मुलगा आहे. नव्या देशाने आपल्या गरिबीचं आणि आपल्या उमेदीचं चित्र काढायला घेतलं, तेव्हा चेहरा म्हणून हा मुलगा निवडला.

आणि १९५६ च्या सुमारास तो मुलगा कुटुंबाबरोबर पाकिस्तानात निघून गेला.

तिथे १९५७ साली ‘बेदारी’ नावाचा चित्रपट आला. बेदारी म्हणजे जागृतीच. रतनकुमार त्यातही होता. कथा तीच, चालीही त्याच. फक्त शब्दांतली नावं बदलली होती. गांधीजींच्या जागी कायदे आझम जिना आले. आगगाडीतल्या मास्तरांनी आता मुलांना पाकिस्तान दाखवला. ही नक्कल आहे हे लोकांच्या लक्षात आलं, ओरड झाली आणि ‘बेदारी’वर तिथे बंदी आली, असं चित्रपटांच्या इतिहासात नमूद आहे. पण गाणी राहिली. तिथल्या राष्ट्रीय दिवसांना ती वाजत राहिली. चौदा ऑगस्टला तिकडे आणि पंधरा ऑगस्टला इकडे, एकाच चालीवर दोन देशांची मुलं आपापला देश पाहतात.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. आधी कळली ती एक भांडणाची बाजू.

पाचवीत असताना आमच्या गुरुजींनी पंधरा ऑगस्टसाठी हे गाणं बसवलं. एकेका मुलाला एकेक कडवं. मराठी मुलखाचं, शिवाजी महाराजांचं कडवं त्यांनी मला दिलं. तालमीच्या वेळी गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आले होते. ते गुरुजींच्या कानाशी लागले, पण आवाज दबका ठेवायची त्यांना सवय नव्हती. ‘हे कडवं दुसऱ्या कुणाला द्या की.’ गुरुजी पेटीवरचे हात न काढता म्हणाले, ‘त्याचा आवाज चांगला आहे.’ एवढंच. पुढे तालीम चालू. गुरुजींनी तेव्हा एकात्मतेवर भाषण केलं असतं, तर मी ते केव्हाच विसरून गेलो असतो.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९८४ साली, कराचीची फुफी आमच्याकडे आली. अब्बांची चुलतबहीण. तिचे वडील १९५० साली बायकामुलांना घेऊन तिकडे गेलेले. व्हिसावर तिला मोजून काही दिवस मिळाले होते आणि त्यातलाही एक पोलीस ठाण्यात हजेरी लावण्यात गेला. एका संध्याकाळी ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती आणि गुणगुणत होती. चाल माझी होती. शब्द माझे नव्हते. मी म्हटलं, ‘फुफी, ये हमारा गाना है.’ ती हसली. ‘तुम्हारा कैसा बेटा? ये तो हमारा गाना है.’ मी माझं कडवं तिला म्हणून दाखवलं, छाती पुढे काढून, शाळेत म्हटलं होतं तसं. तिने तिचं म्हटलं. मी रडकुंडीला आलो. माझ्याकडून कुणी तरी काही तरी चोरून नेलं होतं, आणि नेणारं माणूस माझ्याच घरातलं होतं. शिवाय मनात आणखी एक भीती होती, ती आज कबूल करतो. त्या गृहस्थांनी फुफीला हे गाताना ऐकलं तर? पुढच्या वर्षी ते कडवं मला मिळेल का?

मग फुफीने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, ‘तुझ्या सिनेमात तो लंगडा बच्चा आहे का?’ मी मान हलवली. ‘मरतो?’ मी म्हटलं, मरतो. ती म्हणाली, ‘मी दहा वर्षांची होते. इतकी रडले, इतकी रडले की अम्मीने मला मधेच उठवून घरी आणलं. शेवट मी पाहिलाच नाही.’ त्या संध्याकाळी मी तिला शेवट सांगितला.

पुढे मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण त्या ओट्यावरचं कोडं सुटायला बरीच वर्षं लागली. मास्तर दोन धडे देतात. एक देशाचा, दुसरा माणसाचा. देशाचा धडा सरहद्द ओलांडताना बदलावा लागला. पुढाऱ्याचं नाव, प्रांतांची नावं, सगळं. शिवाय नकाशा तरी कुठे स्थिर असतो? १९५७ च्या पाकिस्तानात पूर्व बंगाल होता, १९७१ नंतर राहिला नाही. ‘जागृती’ने देश दाखवला तेव्हा भाषावार राज्यं व्हायची होती आणि महाराष्ट्र राज्य जन्माला यायला सहा वर्षं होती. पण पळून चाललेल्या मित्राच्या मागे कुबड्या टेकत धावणं, या धड्यातला काना-मात्राही कुणाला बदलावा लागला नाही. कराचीतली दहा वर्षांची मुलगी आणि सोलापूरकडचा तिसरीतला मुलगा एकाच ठिकाणी रडले.

अर्थात या चित्रपटावर माझा एक राग आहे, तोही सांगतो. धडधाकट मुलगा सुधारावा म्हणून अधू मुलाला मरावं का लागतं? शक्तीचं स्वतःचं शिक्षण, त्याचं स्वतःचं पास होणं आपल्याला का दिसत नाही? सत्येन बोस यांनाही हे टोचलं असावं, असं मला आपलं वाटतं. कारण दहा वर्षांनी, १९६४ साली, त्यांनी ‘दोस्ती’ केला. त्यात पुन्हा कुबड्यांवरचा मुलगा आहे आणि त्याचा मित्र डोळ्यांनी अंध आहे. या वेळी कुबड्यांवरचा मुलगा जगतो, शिकतो आणि परीक्षेत पहिला येतो.

रतनकुमार पुढे पाकिस्तानातून अमेरिकेला गेला आणि २०१६ साली तिथेच वारला. त्याने दोन देशांच्या मुलांना रडवलं, आणि तिसऱ्याच देशाच्या मातीत तो निजला आहे.

फुफी आता नाही. गुरुजीही नाहीत. अधूनमधून मला शाळांतून झेंडावंदनाला बोलावतात. मुलं ते गाणं म्हणतात, अजून त्याच उत्साहाने. मी ऐकतो आणि मराठी मुलखाचं कडवं आलं की मनातल्या मनात म्हणतोही. पण माझं लक्ष गाणाऱ्या मुलांवर फारसं नसतं. मी मागची रांग पाहत असतो. कोण गप्प उभं आहे, कुणाला कडवं मिळालेलं नाही, ते शोधत असतो. आणि कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना तिथल्या शिक्षकांना हळूच विचारतो, ‘तो कोपऱ्यातला मुलगा, त्याचा आवाज कसा आहे हो?’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)