तेल मागत फिरणारा दिवा

दिवाळीचे दिवे दोन जातींचे असतात. पणती, समई, दीपमाळ, दारावरचा आकाशकंदील हे एका जागी राहून जळतात. दुसऱ्या जातीचा दिवा हातात धरून दारोदार फिरवावा लागतो. पहिल्या जातीच्या दिव्यांना, त्यातही राजवाड्यांच्या रोषणाईला, इतिहासात जागा मिळते. मुलांच्या हाती फिरणाऱ्या दिव्याची दखल सहसा कोणी घेत नाही. परंतु ज्या शहरात दोन भाषा एका भिंतीला पाठ लावून राहतात, त्या शहराचा इतिहास समजून घ्यायचा तर हा दुसरा दिवाच अधिक उपयोगी पडतो. बडोदे हे असे शहर आहे.

१७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. त्यांच्यामागून सरदार, शिलेदार, कारकून, शास्त्री आणि त्यांची कुटुंबे आली. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी या भागांत मराठी बिऱ्हाडे वसली. त्यांच्याबरोबर नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आले, तसा आकाशदिवाही आला. मुळात हा दिवा कार्तिक महिन्यात उंच काठीवर लावायचा, पितरांना वाट दिसावी म्हणून. पुढे कामट्या आणि पतंगी कागद यांचा आकाशकंदील त्याच्या जागी आला. कामट्यांची आणि पतंगी कागदाची बडोद्यात वाण नाही. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, दिवसभर पतंग उडवून झाले की रात्री पतंगाच्या दोरीला कागदी कंदील बांधून वर चढवतात. त्याला तुक्कल म्हणतात. मराठी मुलांनीही तो छंद आपलासा केला. आकाशकंदील मराठी आणि तुक्कल गुजराती खरी, पण कागद आणि कामटी एकच!

सणांचेही तसेच आहे. दोन्ही घरांत महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे लक्ष्मीपूजन दोघांचेही आश्विन अमावास्येला. दुसऱ्या दिवशी मात्र गुजराती घरात विक्रम संवताचे नवे वर्ष, 'बेसतुं वरस', उजाडते. पहाटे 'सबरस' अशी हाळी देत मीठ विकणारे येतात, आणि 'साल मुबारक' म्हणत माणसे एकमेकांकडे जातात. मराठी घरात तो बलिप्रतिपदेचा पाडवा. आपले वर्ष बदलायचे ते चैत्रात. 'देवदिवाळी' हा शब्द दोघांचाही, परंतु आपल्याकडे ती मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, तर गुजरातेत कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरीला. फराळाच्या ताटात आपली करंजी तिथे घुघरा होते. आपल्या सीमेवरच्या वाचकांना या गोष्टी नवीन नाहीत. ज्या नवापूरच्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, तिथल्या माणसाला दोन दिनदर्शिका एका खिळ्याला टांगायची सवय असतेच.

आता त्या फिरत्या दिव्याकडे येऊ. गुजरातेत त्याला 'मेरायुं' म्हणतात. उसाच्या कांड्यावर नारळाची करवंटी किंवा मातीचे बोळके बसवायचे, त्यात चिंध्यांची वात घालायची, की मेरायुं तयार झाले. दिवाळीच्या तिन्हीसांजेला मुलांचा घोळका ते घेऊन निघतो आणि प्रत्येक दारापुढे उभा राहून तेल मागतो. घरची बाई त्यात तेल ओतते आणि मुले पुढच्या दाराकडे वळतात. मराठवाड्यातील मुले वसुबारसेपासून लव्हाळ्याची दिवटी करून गाई-म्हशी ओवाळत हिंडतात, त्यांच्या दिवटीतही घरोघर तेल घालतात. कोणी कोणापासून चाल उचलली हे शोधण्याची आवश्यकता नाही. दोन्हींचा नियम मात्र एकच: हा दिवा स्वतःच्या घरच्या तेलावर सबंध गाव फिरू शकत नाही. त्याला शेजारचे दार ठोठवावेच लागते.

बडोद्यात हा नियम मोठ्या माणसांनाही लागू आहे, असे देवदिवाळीच्या सुमारास दिसते. मांडवीजवळ गायकवाडांचे विठ्ठलमंदिर आहे. कार्तिकी एकादशीला तिथून विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो. चार दिवसांनी, पौर्णिमेला, नृसिंहजींच्या पोळेतून नृसिंहजींचा वरघोडा निघतो आणि तुळशीच्या लग्नासाठी तुळशीवाडीस जातो. रात्री दिव्यांच्या उजेडात सारे शहर त्याच्याबरोबर चालते. आम्ही काही मित्र, मराठी आणि गुजराती मिळून, एका पौर्णिमेला संध्याकाळी रावपुऱ्यातून मांडवीकडे पायीच निघालो होतो. एक गुजराती मित्र थट्टेने म्हणाले, "साहेब, तुमच्या विठोबाची एकादशी झाली, आज आमच्या नृसिंहजींची पूनम." वाटेत एका मराठी घरापुढे उसाच्या मांडवात तुळशीचे लग्न लागत होते. मंगलाष्टके संपेपर्यंत ते अक्षता घेऊन आमच्याबरोबर उभे राहिले. मग चालता चालता त्यांनी सांगितले, "आमच्या पोळेत एक मराठी काकी होत्या. मेरायुं घेऊन गेलो की त्या तेल घालायच्या आणि हातावर करंजी ठेवायच्या. आम्ही तिला घुघराच म्हणायचो. आता काकी नाहीत, आणि तेल मागायला जाणारी मुलेही नाहीत." पुढे बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्यांच्या या बोलण्यात बडोद्याच्या मराठीचा प्रश्न आहे. या शहरात मराठीला दीर्घकाळ राजाश्रय होता. सयाजीराव महाराजांनी प्रजेची भाषा म्हणून गुजरातीला कारभारात मानाचे स्थान दिले, १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि मराठीलाही अंतर दिले नाही. १९३१ मध्ये निघालेल्या 'श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू' या कोशात त्यांनी गुजराती, मराठीसह आठ भाषांतील राज्यकारभाराचे शब्द शेजारी शेजारी बसवले. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने बडोद्यात भरली. त्यांतील पहिल्याच्या अध्यक्षांचे नाव कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. एका नावात दोन्ही मुलूख! १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० मध्ये बडोदे गुजरात राज्यात गेले. २०१८ साली संमेलन पुन्हा बडोद्यात भरले, परंतु राजवाड्याच्या दिव्याला आता खजिन्याचे तेल मिळणार नव्हते.

मग मराठी तिथे टिकली ती कशावर? घरांवर, वाचनालयांवर, गणेशोत्सवावर हे खरेच. परंतु तितकीच ती त्या गुजराती शेजाऱ्यांवर टिकली, ज्यांनी 'काकी' हा शब्द आपल्या तोंडी घेतला. तसेच गुजरातीही त्या काकींच्या स्वयंपाकघरात शिरली आणि सुखाने राहिली. एका भाषेने दारे लावून घेतली म्हणजे ती सुरक्षित होते असे पुष्कळांना वाटते. बडोद्याचा अनुभव याच्या उलट आहे. राजाची भाषा म्हणून जी मराठी होती ती सरकारबरोबर गेली. शेजाराची मराठी मात्र राहिली.

सीमेवरच्या जिल्ह्यांत आपणही असेच राहतो. पाट्यांवरून, शाळांवरून, कचेरीतल्या अर्जांवरून आपले वाद होतात, आणि हक्काच्या गोष्टी हक्काने मागितल्याच पाहिजेत. पण वर्गात जी मुले माझ्यापुढे बसतात त्यांना मी एवढेच सांगतो, की आपली भाषा शेजाऱ्याच्या दारात नेण्याची लाज बाळगू नका आणि त्याची भाषा घरात येऊ द्या. यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दूरदर्शन संच थोडा वेळ बंद ठेवून मुलांच्या हाती एक दिवा द्यावा आणि त्यांना त्यांच्या मित्रांबरोबर गल्लीत सोडावे. दार कोणत्या भाषेचे आहे हे त्यांना विचारू नये. तेल कोणत्याही घरचे असले तरी वात पेटते.