परिपत्रकापलीकडचं वाचन

मुख्याध्यापकाच्या टेबलावर वाचायला कमी नसतं. पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, वरून आलेली परिपत्रकं. ती वाचावीच लागतात. पण त्यातून काय करायचं एवढंच कळतं. समोरचं मूल का शिकत नाही, हे कळायला वेगळं वाचन लागतं. डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. हे वाचन आपल्याकडे कधी आणि कसं सुरू झालं, याचा शोध मी हौसेने घेत आले. कारण तो आमच्याच धंद्याचा इतिहास आहे.

पुण्यात १८६१ मध्ये ‘मराठी शाळापत्रक’ सुरू झालं. ते शाळाखात्याचं, म्हणजे सरकारीच मासिक. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि नंतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्याकडे संपादन आलं आणि मासिकाचा नूर बदलला. विष्णुशास्त्र्यांनी त्यात कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावर निबंध लिहिले. गावोगावच्या शाळांत मुळाक्षरं गिरवून घेणाऱ्या पंतोजींसाठी हे लेखन होतं! शिकवणाऱ्याची स्वतःची बुद्धी उपाशी राहू नये, हा त्यामागचा विश्वास मला फार मोलाचा वाटतो. मात्र मासिकातली टीका सरकारला रुचली नाही आणि १८७५ मध्ये ते बंद करण्यात आलं. विष्णुशास्त्र्यांची ‘निबंधमाला’ त्याआधीच, १८७४ मध्ये सुरू झाली होती. पुढे त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. आधी शिक्षकांसाठी लिहिणं आणि मग स्वतःची शाळा काढणं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरा धागा भावनगरहून येतो. गिजुभाई बधेका वकिली करत होते. मुलाच्या शिक्षणाची काळजी करता करता माँटेसरी पद्धतीबद्दल त्यांच्या वाचनात आलं आणि ते दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवू लागले. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे गेल्या. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करायची परवानगी मागतो आणि शिक्षणाधिकारी ती देतात. शिक्षक मंडळी त्या शिक्षकावर प्रेम करतात. मी मुख्याध्यापिका झाल्यापासून त्या अधिकाऱ्याकडे जास्त लक्ष देऊन वाचते. त्याने ‘हो’ म्हटलं नसतं, तर पुस्तक पहिल्याच पानावर संपलं असतं.

ताराबाईंनी १९३३ पासून मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली. इथे खातं नव्हतं, वरून आदेश नव्हता. बालवाडीत काय घडलं, काय जमलं, कुठे अडलं, ते शिक्षकच शिक्षकांना सांगत. १९४५ मध्ये त्या आमच्या भागात, बोर्डीला आल्या. पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. परदेशी ग्रंथातली महागडी साधनं पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबादला थोरली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरवली. माँटेसरीबाईंच्या पुस्तकात कुरणशाळा नाही. मुलाकडे बघून शिकवा, हे मात्र आहे. पुस्तक वाचून ते आपल्या मातीत नव्याने लिहायचं कसं, हे या दोघींनी दाखवलं. अनुताईंनी पुढे पत्रिकेचं संपादनही केलं. दिवसभर पाड्यावर राबणारी बाई शिक्षकांसाठी लिहिण्याला कामाचाच भाग मानत होती.

आमच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही शिक्षक तासभर बसतो. कुणीतरी एखाद्या पुस्तकातली दोन पानं मोठ्याने वाचतं. मग एकच प्रश्न असतो: आपल्या वर्गातल्या कोणत्या मुलाला याचा उपयोग होईल? मुलाचं नाव घेऊनच बोलायचं, हा नियम. सोमवारी करून बघायचं आणि पुढच्या शनिवारी वहीत लिहून आणायचं. गुणाकारावर अडलेल्या एका मुलीला चिंचोक्यांच्या ओळी मांडून शिकवलं, ते टिपण त्या वहीतूनच शेजारच्या शाळेत गेलं.

वाचायला वेळ कुठे आहे, असं शिक्षक म्हणतात तेव्हा ते खरंच बोलत असतात. म्हणून तो वेळ काढून देणं मुख्याध्यापकाचं काम आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत माहिती भरण्याइतकाच मान वाचलेल्या पानाला आणि करून पाहिलेल्या प्रयोगाला मिळाला पाहिजे. शाळापत्रक सरकारच्या मर्जीवर उभं होतं आणि मर्जी फिरल्यावर संपलं. बोर्डी-कोसबादचं वाचन शिक्षकांच्या हातच्या कामावर उभं राहिलं आणि आजही आम्हाला उपयोगी पडतं. आपल्या शाळांनी हा दुसरा वारसा चालवावा. त्यासाठी आठवड्यातला एक तास आणि एक वही पुरते.