विंडसर्फिंग: खवळलेल्या, थंड समुद्रात फळीवर टिकतात कसं? आणि नगरकरांनी हे का समजून घ्यावं?

उंच लाटेवरून उडालेली फळी, तिच्यावर ताणलेलं शीड आणि त्याला लोंबकळणारा माणूस. विंडसर्फिंगचे रील्स पाहिले की प्रश्न पडतो, हा पडत कसा नाही? तो पडतो, आणि अनेकदा पडतो. थंड, खवळलेल्या समुद्रात खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते.

विंडसर्फिंग म्हणजे नेमकं काय?

सर्फिंगची फळी आणि होडीचं शीड यांचा हा मेळ. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइत्झर यांनी त्याला आजचं रूप दिलं. फळीवरची डोलकाठी एका सांध्यामुळे कुठल्याही दिशेला झुकते. फळीला सुकाणू नसतं. डोलकाठी पुढे झुकवली की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे झुकवली की वाऱ्याकडे.

शिडाला जोडलेली आडवी दांडी, म्हणजे बूम, दोन्ही हातांनी धरून अंगाचं वजन वाऱ्याविरुद्ध टाकायचं असतं. कमरेच्या हार्नेसचा हूक बूमच्या दोरीत अडकवला की हातांवरचा ताण कमी होतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. महिलांसाठी तो १९९२ मध्ये सुरू झाला.

वारा दुप्पट, जोर चौपट

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणजे १० नॉटचा (ताशी सुमारे १८.५ किमी) वारा २० नॉटवर गेला, तर त्याच शिडाला चारपट ओढ बसते. त्यात थंड हवा जास्त दाट असते. शून्य अंशाची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के जड असल्याने त्याच वेगाचा वारा जास्त जोरात ढकलतो.

म्हणून हलक्या वाऱ्यात सात चौरस मीटर किंवा त्याहून मोठं शीड लागतं, तर वादळी वाऱ्यात चारच्या आसपासचं पुरतं. किनाऱ्यावर हा अंदाज चुकला, तर पाण्यात तो सुधारता येत नाही.

लाटांमुळे आणखी एक अडचण येते. दोन लाटांच्या खोलगट भागात वारा कमी लागतो आणि माथ्यावर येताच झोत बसतो. शिवाय उसळत्या पाण्यात फळीवर उभं राहून दोरीने शीड वर ओढणं जवळपास अशक्य असतं. अशा वेळी 'वॉटरस्टार्ट' कामी येतो. पाण्यात तरंगत शिडाची कड उचलायची, आत वारा शिरू द्यायचा आणि त्याच्याच ओढीने फळीवर चढायचं.

थंडी काय करते?

पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने खेचून घेतं. १५ अंशांपेक्षा थंड पाण्यात अचानक पडल्यावर श्वास जोरात आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

बर्फगार पाण्यासाठी '१-१०-१' असा ढोबळ नियम सांगतात. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय नीट चालतील अशी १० मिनिटं आणि शरीर गारठून शुद्ध हरपेपर्यंत सुमारे १ तास. मधला आकडा सर्वांत महत्त्वाचा. बोटं बधिर झाली की बूम पकडता येत नाही. म्हणूनच जाड वेटसूट, बूट आणि टोपी गरजेची असते.

२०१३-१४ मध्ये 'रेड बुल स्टॉर्म चेस' ही स्पर्धा खास वादळं गाठून आयर्लंड, टास्मानिया आणि कॉर्नवॉल इथे झाली. फ्रान्सचा थॉमस ट्राव्हेर्सा ती जिंकला. तिथे उतरले होते ते जगातले निवडक खेळाडू. नवख्यांनी करायचा तो प्रकार नव्हे.

वारा कुठून कुठे वाहतोय?

शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. समुद्राकडून येणारा खारा वारा माणसाला किनाऱ्याकडे आणतो. जमिनीकडून वाहणारा मतलई वारा खोल पाण्यात नेतो. काठाजवळ पाणी शांत दिसत असल्याने तो जास्त फसवतो.

साहित्य मोडलं किंवा ताकद संपली, तर पहिला नियम एकच: फळी सोडायची नाही. फळी तरंगते आणि शोधणाऱ्यांना दुरून दिसते. एकटं डोकं लाटांत दिसत नाही.

नगर जिल्ह्याशी याचा काय संबंध?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण राहुरीजवळचं २६ टीएमसीचं मुळा धरण आहे, त्याच्या जलाशयाचं नावच 'ज्ञानेश्वर सागर'. अकोले तालुक्यात प्रवरेवरचं भंडारदरा आहे. दक्षिणेला कर्जत तालुक्याच्या बाजूला उजनीचं पाणी येतं. वाऱ्याला मोकळं पाणी जितकं लांब मिळतं, तितकी लाट मोठी होते. त्यामुळे धरणात समुद्राएवढ्या लाटा उठत नाहीत. तरी आखूड, एकामागोमाग येणाऱ्या लाटा लहान बोटीला पुरेशा असतात. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगाव ते कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. तिथे पाणी थंड नव्हतं, समुद्रही नव्हता.

दुसरी बाजूही आहे. २०२३ च्या हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या इबाद अलीने विंडसर्फिंगच्या आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. तो तयार झाला समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, भोपाळच्या तलावावर. मात्र तिथे प्रशिक्षक असतात आणि सोबत बचाव बोट असते.

त्यामुळे गोव्यात किंवा कोकणात हा खेळ शिकायचा असेल, तर आधी तीन गोष्टी विचारा. वारा कुठे वाहतोय, बचाव बोट आहे का आणि लाइफ जॅकेट मापाचं आहे का? एकाचंही उत्तर नीट मिळालं नाही, तर त्या दिवशी काठावरच थांबा.