एक जून

परवा, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मी स्वतःच्या लग्नाची नोंदणी करायला गेले. (हसू नका!) लेकाकडे परदेशी जायचं तर विवाहाचा दाखला हवा, आणि आमच्या मे १९७० च्या लग्नाचा पुरावा म्हणजे एक पिवळी पडलेली पत्रिका. मुंबई राज्याचा १९५३ चा नोंदणी कायदा होता म्हणे, पण आमच्याकडे भटजी आणि मांडवातली माणसं हीच नोंद. पुढे १९९८ चा महाराष्ट्राचा कायदा आला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच धर्मांची लग्नं नोंदवलीच पाहिजेत असं बजावलं.

पत्रिका, फोटो, वयाचे दाखले सगळं नेलं. तीन साक्षीदार गोळा करताना मात्र जीव मेटाकुटीला आला. त्या मांडवातली किती माणसं उरलीत आता!

टेबलामागचा मुलगा बोटं मोडून म्हणाला, "आजी, लग्नाच्या वेळी तुम्हाला सतराही पूर्ण नव्हती. अठरा लागतात."

मास्तरीण गप्प बसते होय? त्याला सांगितलं, बाळा, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुलीला पंधरा आणि मुलाला अठरा होतं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांची संमती लागे. अठरा-एकवीस झालं ते १ ऑक्टोबर १९७८ पासून. तो आत साहेबांना विचारून आला आणि मुकाट्याने शिक्का मारला.

त्याच्या आधी शारदा कायदा होता, १९२९ चा. मुलीचं वय चौदा. तो १ एप्रिल १९३० ला लागू व्हायचा होता, म्हणून त्याआधी लोकांनी घाईघाईने पोरींची लग्नं उरकली. त्यात माझी आत्याही, आठ वर्षांची. कायदा आल्यावर तरी काय, तो मोडून लग्न लावलं तर शिक्षा थोरांना, लग्न रद्द होत नसे.

गंमत अशी की माझी १ जून १९५३ ही जन्मतारीख खरी नाहीच. आई सांगे, मी संक्रांतीच्या आसपासची. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिहिली. मीही शिक्षिका झाल्यावर तेच केलं. अंदाजाने साल आणि पुढे एक जून. कितीजणींची, मोजली नाहीत.

१९८१ मध्ये एक बाप आला. सातवीतल्या मुलीच्या दाखल्यावर वय वाढवून द्या म्हणाला, लग्न ठरलंय. मी म्हटलं, रजिस्टरात खाडाखोड होत नाही. तो उठला, नमस्कार करून गेला. त्या रजिस्टरातली तिची तारीख मीच अंदाजाने लिहिलेली होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

सोमवारपासून मुलगी आली नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत मी तिचं नाव हजेरीत पुकारत होते.