जालना लोकसभा मतदारसंघ

जालना लोकसभा मतदारसंघ : मराठवाड्यातील शेतीप्रधान मतदारसंघ. नाव जालन्याचे, पण हद्द जिल्ह्याची नव्हे. जालना, बदनापूर (अनुसूचित जातींसाठी राखीव) व भोकरदन हे जालना जिल्ह्यातील, तर सिल्लोड, फुलंब्री व पैठण हे शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील विधानसभा मतदारसंघ यात मोडतात. जालना जिल्ह्यातीलच परतूर व घनसावंगी हे विधानसभा मतदारसंघ मात्र परभणी लोकसभा मतदारसंघात आहेत. त्यामुळे तेथील मतदारांची जिल्हा कचेरी जालन्यात, खासदार मात्र परभणीचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेपासून गोदाकाठापर्यंतच्या या पट्ट्यात कापूस, सोयाबीन, मोसंबी व पाणीटंचाई हेच प्रचाराचे कायमचे विषय.

सुरुवातीचा काळ काँग्रेसचा. 1977 मध्ये जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे निवडून आले. 1989 मध्ये तेच भाजपतर्फे विजयी झाले. 1991 चा अंकुशराव टोपे यांचा विजय काँग्रेसला पुढे बराच काळ पुरवावा लागला. 1996 व 1998 मध्ये भाजपचे उत्तमसिंग पवार, तर 1999 पासून सलग पाच वेळा रावसाहेब दानवे निवडून आले. 2009 मध्ये काँग्रेसचे कल्याण काळे साडेआठ हजारांहून कमी मतांनी हरले होते. 2024 मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर त्याच काळेंनी रावसाहेब दानवेंना सुमारे 1 लाख 10 हजार मतांनी पराभूत केले.